जुन्या टेपवर मोबाईलची गाणी: एफएम ट्रान्समीटर नीट कसा लावायचा

कोल्हापुरात पंधरा-पंधरा वर्षं जुन्या ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो, इंडिका अजून मजेत पळतायत. इंजिनाची तक्रार नाही, एसी गार आहे, फक्त टेप जुना. त्यात रेडिओ आहे, सीडी घालायची फट आहे आणि मोबाईल जोडायला काहीच नाही. असा टेप बदलायचा नसेल तर लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं मत एकच असतं: “खरखर लय करतंय ते.” आठवडाभर वापरून ते यंत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात जातं ते जातंच.

माझं मत वेगळं आहे. खरखरीला बहुतेक वेळा यंत्र जबाबदार नसतं. फ्रिक्वेन्सी अंदाजे लावलेली असते आणि आवाजाची पातळी चुकलेली असते. या दोन गोष्टी जमल्या तर पाचशे रुपयांचं यंत्रही गाडीत ऐकण्याजोगा आवाज देतं. नाही जमल्या, तर दीड हजाराचंही तसंच खरखरतं. म्हणून खाली खरेदीवर कमी आणि या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

आधी टेप नीट बघा

पैसे घालवण्याआधी टॉर्च घेऊन टेपचा चेहरा तपासा. कोपऱ्यात हेडफोनच्या पिनेएवढं, म्हणजे ३.५ मिलिमीटरचं गोल भोक दिसलं तर ते ऑक्स. काही गाड्यांत ते टेपवर नसून गिअरच्या पुढच्या खणात किंवा हातमोजे ठेवायच्या कप्प्यात लपलेलं असतं. ऑक्स असेल तर ट्रान्समीटर घेऊच नका. साधी ऑक्स केबल किंवा ऑक्सला लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. आवाज जास्त स्वच्छ येतो आणि फ्रिक्वेन्सीची कटकटच राहत नाही.

यूएसबीचं तोंड असेल तर पेनड्राइव्ह लावून काम भागतं. कॅसेटचा डेक असेल आणि तो अजून फिरत असेल, तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो. त्याची वायर मोबाईलला जोडायची. दिसायला जुनाट वाटतो, पण डेकचं हेड साफ असेल तर ट्रान्समीटरपेक्षा बरा वाजतो. हल्लीच्या मोबाईलला हेडफोनचं भोक नसतं, तेव्हा टाइप-सीवरून ३.५ मिलिमीटरचा जोड वेगळा घ्यावा लागेल.

यातलं काहीच नसेल आणि रेडिओ चालू असेल, तर ट्रान्समीटर.

तो नेमकं काय करतो

मोबाईलमधलं गाणं ब्लूटूथवरून, पेनड्राइव्हवरून किंवा मेमरी कार्डवरून यंत्रात येतं. यंत्र ते ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या एफएमच्या पट्ट्यात अगदी कमी ताकदीनं प्रसारित करतं. गाडीचा अँटेना ते पकडतो आणि टेप ते कुठल्याही स्टेशनसारखं वाजवतो. एवढंच.

यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. एफएममध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं आली तर रेडिओ दोन्ही मिसळून वाजवत नाही. जे जोरदार असेल ते पकडतो आणि दुसरं जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. तुमचं यंत्र जवळ असलं तरी ताकदीनं नगण्य आहे, समोरचा टॉवर किलोवॅटमध्ये बोलतो. त्यामुळे भरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बसायचा हट्ट केला तर गाडी पुढे जाईल तसं कधी तुमचं गाणं, कधी त्यांची जाहिरात, असा खेळ चालू राहतो.

आवाजाच्या दर्जाबद्दलही अपेक्षा माफक ठेवा. एफएमवरून साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, वरचं झंकारणं कापलं जातं. टायर आणि काचेबाहेरच्या वाऱ्याच्या आवाजात हा फरक फारसा जाणवत नाही. शांत गाडीत डोळे मिटून ऐकणाऱ्याला जाणवेल.

घेताना काय बघायचं

यंत्र ८७.५ ते १०८ असा पूर्ण पट्टा ०.१ च्या पायरीनं फिरवू देतं का, हे सगळ्यात आधी विचारा. जुनी आणि फार स्वस्त यंत्रं चार-सातच ठरावीक फ्रिक्वेन्सी देतात. त्या सगळ्या तुमच्या भागात भरलेल्या असतील तर यंत्र फुकट गेलं. दुसरी गोष्ट, गाडी बंद करून चालू केल्यावर मागची फ्रिक्वेन्सी त्याच्या लक्षात राहते का. राहत नसेल तर रोज सकाळी तेच काम करावं लागेल. तिसरी, फ्रिक्वेन्सी बदलायला वेगळं बटण किंवा फिरवायची गुंडी आहे का. एकाच बटणाला पाच कामं दिलेली यंत्रं चालत्या गाडीत त्रास देतात.

ब्लूटूथ ५.० किंवा त्यापुढचं असलं की पुरे. फोन घ्यायचा असेल तर माइक हवा. जलद चार्जिंग हवं असेल तर त्यावर १८ वॉट किंवा पीडी लिहिलंय का बघा. “बास” लिहिलेलं बटण, सात रंगांचे दिवे, एवढ्या-तेवढ्या फुटांपर्यंत रेंज असल्या गोष्टींना भुलू नका. रेंज जास्त असण्यात आपला काही फायदा नाही, अँटेना आपल्याच गाडीवर आहे.

आकार गाडीप्रमाणे ठरवा. गिअर पहिल्या-तिसऱ्यात टाकताना हात यंत्राला लागत असेल तर लांब मानेचं घेऊ नका, सॉकेटमध्ये चपट बसणारं घ्या. सॉकेट खोल कप्प्यात असेल तर उलट, मान असलेलं बरं. दुकानात “एकदा गाडीत लावून बघतो, दादा” म्हणायला लाजू नका. राजारामपुरीत काय किंवा लक्ष्मीपुरीत काय, गाडी समोर उभी असेल तर शक्यतो कुणी नाही म्हणत नाही.

ट्रक किंवा मोठी बस असेल तर तिथे २४ व्होल्टची वायरिंग असते. यंत्रावर १२-२४ व्होल्ट असं लिहिलेलं असेल तरच लावा. कार, छोटा हत्ती आणि बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतात.

रिकामी जागा शोधणे

हे काम एकदाच करायचं आहे, म्हणून वेळ काढून करा.

ट्रान्समीटर सॉकेटमधून काढून ठेवा. गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल तर बाहेर मोकळ्यावर आणा. तळघरात बाहेरची स्टेशनं पोचतच नाहीत, सगळा पट्टा रिकामा वाटतो आणि बाहेर पडल्या पडल्या फजिती होते. रंकाळ्याच्या कडेला किंवा शिरोली नाक्याबाहेर, जिथे आजूबाजूला उंच इमारती नाहीत, अशा जागी थांबा. अँटेना पूर्ण वर, इंजिन चालू.

आता टेप एफएमवर आणून हातानं फ्रिक्वेन्सी फिरवायची. आपोआप शोधणारं सीक बटण इथे उपयोगाचं नाही, कारण ते भरलेल्या स्टेशनवर थांबतं आणि आपल्याला हवी आहे रिकामी जागा. काही टेपमध्ये तेच बटण दाबून धरलं की एकेक पायरी पुढे जाता येतं, काहींत उलट असतं. दोन मिनिटं खेळून बघा.

८७.५ पासून वर जाताना प्रत्येक थांब्यावर कान द्या. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर एकसारखा, भरगच्च “सूं” आवाज येतो. तो जितका सपाट आणि मोठा तितकी जागा चांगली. खरखर मध्येच बारीक झाली, दबली किंवा तिच्या मागे कुणी बोलल्यासारखं वाटलं, तर तिथे लांबचं स्टेशन आहे. ती जागा सोडा, कारण शहरात जे पुसट आहे ते मोकळ्या रस्त्यावर ठळक होतं.

शेजारही बघायचा. एका एफएम स्टेशनला साधारण ०.२ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा लागते. म्हणून तुमच्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान ०.३-०.४ पर्यंत “सूं”च हवा. आपल्या शहरात टोमॅटो ९४.३ वर, मिर्ची ९८.३ वर आणि आकाशवाणी १०२.७ वर लागतं. समजा तुम्ही ९८.१ निवडलं, तर टेपवर आकडा वेगळा दिसेल, पण मिर्ची तुमच्या गाण्यात पाय पसरणारच. याउलट ९८.३ आणि १०२.७ यांच्या मध्ये बराच पट्टा पडतो, १००.५ च्या आसपास ऐकून बघायला हरकत नाही. ही स्टेशनं फक्त उदाहरणादाखल घेतली. तुमच्या भागात जे जे लागतं त्याचे आकडे एका कागदावर लिहा आणि त्यांतल्या मोठ्या फटी शोधा.

अशा एक नाही, तीन जागा निवडा: एक पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ८८ च्या आसपास; एक मधे; एक वरच्या टोकाला, १०७ च्या वर. तिन्ही टेपच्या ४, ५ आणि ६ नंबरच्या बटणांवर साठवा. बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की बहुतेक टेपमध्ये स्टेशन साठतं. पहिली तीन बटणं खऱ्या स्टेशनांना राहू देत. पुढे रस्त्यात एक जागा बिघडली की ट्रान्समीटरची गुंडी फिरवायची आणि टेपचं एक बटण दाबायचं, काम संपलं.

टोकाच्या फ्रिक्वेन्सी चांगल्या, असं सगळे सांगतात आणि ते साधारण खरं आहे. पण भारतात सामुदायिक रेडिओला ९०.४, १०७.४, १०७.८ अशा कडेच्याच जागा दिल्या जातात. पुण्यात विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ वरच आहे. तेव्हा टोकाला गेलात तरी आधी कान लावा.

बसवणे आणि जोडणे

इंजिन आधी चालू करा, मग यंत्र सॉकेटमध्ये घाला. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर पडतो आणि काही यंत्रं त्यात गोंधळतात, फ्रिक्वेन्सीही विसरतात. यंत्र सैल बसत असेल तर खड्ड्यागणिक बंद-चालू होईल. सॉकेटच्या आत मधोमध धन टोक आणि बाजूला ऋण पत्र्या असतात. वर्षानुवर्षांची धूळ, कधी एखादं नाणं, त्यात सापडतं. चावी काढून कोरड्या ब्रशनं साफ करा. धातूचं काहीही आत घालू नका.

सॉकेटला वीजच येत नसेल तर फ्यूज बघा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर लायटरचं चिन्ह किंवा नाव असतं. उडालेला फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच नवा घाला. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळून “जुगाड” करणारे भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका, आग वायरिंगला लागते.

मोबाईलच्या ब्लूटूथमध्ये यंत्राचं नाव दिसेल, जोडा. आकडा मागितला तर बहुतेक वेळा ०००० किंवा १२३४. जोडल्यानंतर त्या नावासमोरच्या सेटिंगमध्ये “मीडिया ऑडिओ” चालू आहे ना बघा. नुसता कॉलचा पर्याय चालू राहिला तर फोन येतो, पण गाणं मोबाईलवरच वाजत बसतं. घरातल्या तिघांचे मोबाईल जोडलेले असतील तर गाडी चालू होताच जो आधी पोचेल तो ताबा घेतो. वडिलांच्या हरिपाठाच्या जागी पोराची रील वाजायला लागली तर यंत्र बिघडलेलं नाही.

आता यंत्रावर आणि टेपवर तीच फ्रिक्वेन्सी लावा. गाणं न लावताच आधी ऐका. मघाची “सूं” एकदम थांबून शांतता झाली पाहिजे. ही शांतता हाच जोडणी पक्की असल्याचा पुरावा. गाणं बंद असतानाही मागे सळसळ ऐकू येत असेल तर यंत्राचं प्रसारण अँटेनापर्यंत नीट पोचत नाही. आवाज वाढवून ते सुटणार नाही, जागा किंवा फ्रिक्वेन्सी बदलूनच सुटेल.

आवाजाच्या तीन गुंड्या

इथे बहुतेक जण फसतात, कारण आवाज वाढवायची सोय तीन ठिकाणी आहे: मोबाईल, ट्रान्समीटर आणि टेप. पहिल्या दोन ठिकाणी आवाज कमी ठेवून टेपचा वाढवला तर गाण्याबरोबर सळसळही वाढते. पहिल्या दोन पूर्ण मोठ्या केल्या तर प्रसारण त्याच्या मापाबाहेर जातं आणि आवाज फाटतो.

क्रम असा ठेवा. टेपवर आधी एखादं जोरदार लागणारं खरं स्टेशन लावा, समजा ९४.३. तुम्हाला जेवढं मोठं आवडतं तेवढा टेपचा आवाज ठेवा आणि आता त्या गुंडीला हात लावू नका. मग टेप ट्रान्समीटरच्या फ्रिक्वेन्सीवर आणा. मोबाईलचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास करा. आता ट्रान्समीटरचा आवाज हळूहळू वाढवत न्या, जोपर्यंत तुमचं गाणं त्या स्टेशनवरच्या गाण्याएवढं किंवा किंचित कमी ऐकू येतं. तिथे थांबा. स्टेशनवाले आवाज दाबून, सगळं एकसारखं मोठं करून सोडतात. त्यांना मागे टाकायचा प्रयत्न केला तर फाटणारच.

फाटतंय की नाही हे ढोलकी-हलगीवरून आणि गायकाच्या “स”, “श” वरून कळतं. हलगीचा तडाखा तुटक, कागद फाडल्यासारखा वाटला किंवा “श” ला चरचर आली, तर ट्रान्समीटरचा आवाज एक-दोन पायऱ्या खाली घ्या. मोबाईलमधला इक्वलायझर, “बास बूस्ट”, “लाउडनेस” हे सगळं बंद ठेवा. बास वाढवायचाच असेल तर टेपवर वाढवा, कारण तो प्रसारणानंतरचा टप्पा आहे.

एक बारकावा. एफएममध्ये वरचे सूर पाठवताना मुद्दाम वाढवतात आणि रेडिओ ते परत कमी करतो. आपल्याकडे आणि युरोपात याचं माप ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. अमेरिकी मापाचं यंत्र हातात आलं तर सगळी गाणी जरा किरकिरी, टोचरी लागतात. टेपचं ट्रेबल दोन घरं खाली घेतलं की बरं वाटतं.

जुनी भावगीतं बारीक आणि नवी गाणी कानठळ्या बसवणारी, असा फरक असेल तर गाण्याच्या अॅपमध्ये आवाज समान ठेवायचा पर्याय शोधून चालू करा. नाहीतर प्रत्येक गाण्याला गुंडीकडे हात जातो.

खरखर ओळखायला शिका

“खरखर येते” एवढ्यावर उपाय सांगता येत नाही. कुठली खरखर, ते आधी ठरवा.

गाणं मधेच तुटतं आणि तेवढा वेळ संपूर्ण शांतता असते, तर एफएम ठीक आहे, ब्लूटूथ तुटतोय. मोबाईल पँटच्या मागच्या खिशातून काढून समोर ठेवा, बॅटरी वाचवायचा मोड बंद करा, नको असलेली जुनी जोडणी पुसून नव्यानं जोडा. गाणं तुटून त्या जागी “सूं” किंवा दुसरं स्टेशन येतं, तर ब्लूटूथ ठीक आहे आणि एफएमची बाजू कच्ची आहे. एवढा एक फरक ओळखला तरी निम्मी धडपड वाचते.

सळसळ कायम असेल तर अँटेनाकडे वळा. टपावरची काठी सैल झालेली असते, गाडी धुताना काढून ठेवलेली असते किंवा डाव्या-उजव्या खांबातली ओढायची काठी आतच राहिलेली असते. नीट बसवून बघा. अँटेना टपाच्या मागच्या टोकाला असेल तर पुढच्या सॉकेटपासून तो बराच लांब पडतो आणि मधे पत्रा असतो. अशा वेळी सॉकेटची एक्स्टेन्शन वायर घेऊन यंत्र थोडं वर किंवा मागे सरकवलं तर लगेच फरक कळतो. यंत्रात चार्जिंगची केबल लावल्या-काढल्यानंही कधी कधी सळसळ बदलते, कारण ती वायरही लहरी फेकायला मदत करते.

याउलट सळसळ नसून बाहेरचं स्टेशन घुसत असेल, तर काठी थोडी खाली करून बघा. बाहेरून येणारं कमी होतं, गाडीतलं यंत्र जवळ असल्यामुळे टिकून राहतं. प्रत्येक गाडीत हे सारखं चालत नाही, पण करून बघायला काही खर्च नाही. टेपमध्ये स्टिरिओऐवजी मोनो करायची सोय असेल तर तीही वापरा. मोनोत सळसळ बरीच कमी होते.

ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते आणि पाय काढला की उतरते, तर तो दोष वायरिंगचा किंवा चार्जरचा. अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा आवाज वीजपुरवठ्यातून आत येतोय. मोबाईल त्याच सॉकेटवर चार्जिंगला लावून वर ऑक्स वायरनंही जोडलेला असेल, तर दोन्ही बाजूंनी अर्थिंगचा फेरा पूर्ण होतो आणि शिट्टी पक्की होते. चार्जिंगची वायर काढा किंवा ऑक्स सोडून ब्लूटूथवर या, शिट्टी गेली तर कारण सापडलं.

अजून एक चाचणी आहे, जी फार थोडे लोक करतात. ट्रान्समीटर काढून टाका, साधा रेडिओ लावा आणि दुसरा चार्जर, डॅशकॅम, वरून लावलेले एलईडी दिवे एकेक करून चालू-बंद करा. एखादी वस्तू चालू केल्यावर आकाशवाणी खरखरायला लागली, तर ती वस्तूच एफएमच्या पट्ट्यात कचरा टाकतेय. ट्रान्समीटर बदलून काही होणार नाही, ती वस्तू बदला. स्वस्तातले एलईडी आणि चार्जर या बाबतीत सगळ्यात जास्त पकडले जातात.

दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभं असताना तुमच्या टेपवर अचानक भलतंच कीर्तन सुरू झालं, तर शेजारच्या गाडीतही ट्रान्समीटर आहे आणि त्यानंही तुमचीच फ्रिक्वेन्सी निवडली आहे. तुमचं गाणं त्याच्याकडे जात असेलच. सिग्नल सुटला की सुटका होते. उसाच्या हंगामात कागलच्या रस्त्यावर डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर कर्णे लावून पुढे असेल तर मात्र यातला कुठलाच उपाय चालत नाही. ओव्हरटेक करायला जागा मिळेपर्यंत त्याचीच गाणी ऐकायची.

पेनड्राइव्ह आणि कार्ड

रेंज नसलेल्या रस्त्यावर मोबाईलपेक्षा पेनड्राइव्ह बरा. ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. मोठे ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात आणि बरीच यंत्रं ते ओळखतच नाहीत. गाणी एमपी३ मध्ये, १९२ ते ३२० केबीपीएस. त्यापेक्षा मोठ्या फाइलचा एफएमवर काही उपयोग नाही.

गाणी नावाच्या क्रमानं वाजत नाहीत, अशी तक्रार नेहमी असते. ही यंत्रं फाइलचं नाव बघत नाहीत, ड्राइव्हवर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. सगळा फोल्डर एकदम ओढून टाकला की कॉम्प्युटर आपल्या मनानं लिहितो. ड्राइव्ह रिकामा करून गाणी हव्या त्या क्रमानं, थोडी थोडी टाका. पेनड्राइव्ह नखाएवढा घ्या. लांब ड्राइव्हला गुडघा लागून यंत्राचं तोंडच सैल होतं. मे महिन्यात उन्हात गाडी लावताना यंत्र आणि पेनड्राइव्ह दोन्ही काढून ठेवलेले बरे.

शहराबाहेर पडताना

कोल्हापूर सोडलं की हिशोब बदलतो. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात किंवा आंबा घाटात डोंगर मधे आल्यावर शहरातली स्टेशनं विरून जातात. तिथे जवळपास कुठलीही फ्रिक्वेन्सी चालते. पन्हाळ्यावर मात्र उलटं होतं. गड समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर आहे आणि एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून खाली न लागणारी लांबची स्टेशनं वर डोकवायला लागतात. रंकाळ्यावर रिकामी सापडलेली जागा पन्हाळ्यावर रिकामी असेलच असं नाही. साठवलेल्या तीन बटणांचा उपयोग इथेच होतो.

पुण्याकडे निघालात तर कराड-साताऱ्यापर्यंत फार त्रास नसतो. खंबाटकी उतरून पुण्याच्या जवळ येऊ लागलात की पट्टा दाटत जातो: ९१.१, ९४.३, ९८.३, १०१ आणि मधे मधे इतर. त्यातले ९४.३ आणि ९८.३ तर कोल्हापुरातलेच आकडे, म्हणून आपली जागा त्यांच्यापासून मुळातच लांब ठेवलेली बरी. आंबोलीमार्गे गोव्याला जाणाऱ्यांनी १०५.४ टाळावं, तिथे आकाशवाणीचं रेनबो आहे. लांबच्या प्रवासात निघायच्या आधी तिन्ही जागा तपासा आणि फ्रिक्वेन्सी बदलायचं काम शेजारी बसलेल्याला द्या. एकटे असाल तर टपरीवर चहाला थांबल्यावर बदला. मोबाईल हातात धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली दंडनीय आहे, गाणं बदलण्यासाठी धरला तरी.

यंत्राला जादा अँटेना जोडून किंवा ॲम्प्लिफायर लावून ताकद वाढवायचे व्हिडिओ दिसतात. त्या वाटेला जाऊ नका. परवान्याशिवाय असं प्रसारण कायद्यात बसत नाही आणि एफएमच्या पट्ट्याला लागूनच, १०८ मेगाहर्ट्झच्या वर, विमानांचा पट्टा सुरू होतो. उजळाईवाडीला विमानतळ आहे.

घरी आल्यावर एकदा चावी काढून बघा, यंत्राचा दिवा चालूच राहतो का. काही गाड्यांत सॉकेटला चावीशिवायही वीज असते. एका रात्रीत बॅटरी उतरणार नाही, पण गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर यंत्र काढून ठेवा.

एवढं करूनही जमलं नाही तर

काही गाड्यांत अँटेना आणि सॉकेटची जागाच अशी असते की यंत्र कधीच समाधानकारक वाजत नाही. मग दोन वाटा उरतात. पहिली, एफएम मॉड्युलेटर. हा टेपच्या मागे, अँटेनाच्या वायरीतच जोडायचा असतो, त्यामुळे गाणं हवेतून न जाता वायरीतून टेपमध्ये जातं आणि बाहेरचं स्टेशन जवळजवळ येत नाही. मिळायला थोडा अवघड, पण टेप मूळचाच ठेवायचा असेल तर हाच चांगला.

दुसरी वाट, ब्लूटूथ आणि यूएसबी असलेला नवा टेप. जुन्या गाड्यांत बहुतेक सिंगल डिन, म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटरचं भोक असतं, डबल डिन त्याच्या दुप्पट उंच. स्क्रीनचा हट्ट नसेल तर साधा सिंगल डिन टेप चांगल्या ट्रान्समीटरच्या दीड-दोनपट पैशांत मिळतो, आणि रोज तासभर गाडीत असणाऱ्याला मी सरळ हाच सांगेन. बसवून घेताना गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा तयार जोड, मागा. जुना टेप काढण्याआधी मागच्या जोडणीचा फोटो काढा. नव्या टेपची पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टला, लाल चावीवरच्या पुरवठ्याला आणि काळी अर्थिंगला जाते. पिवळी आणि लाल एकत्र पिळून दिली तर टेप चावीशिवायही चालू राहून बॅटरी खातो किंवा चावी काढली की साठवलेली सगळी स्टेशनं विसरतो. इलेक्ट्रिशियनला पैसे देण्याआधी चावी काढून, परत लावून बघा.